बैल विकून नऊ वर्षं झाली, मामाजी अजून दावं शोधतात

पत्र: "मावशी, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. माझे मामाजी म्हणजे सासरे, वय ७६. तीन वर्षांपासून विसरून राहिले. दिवस मावळला की दावं घेऊन बैल आणायला निघतात, बैल विकून नऊ वर्षं झाली. पैसे मीच चोरले म्हणतात, तेही शेजारच्यांसमोर. रात्री दोन-तीनदा उठतात. गावात कोणी म्हातारपण म्हणते, कोणी बाहेरचं म्हणते. मागच्या महिन्यात आशाताईसोबत एका कॉलेजची टीम आली होती, दीड तास प्रश्न विचारले, तारीख काय, शंभरातून सात गेले किती, मामाजी पहिले हसले आणि मग रडले. ते लोक पुन्हा येणार आहेत, रक्त घ्यायचं म्हणतात आणि कागदावर सही मागतात. मिस्टर म्हणतात नको, आपल्यावर प्रयोग करतील. नणंद नागपूरला राहते, ती म्हणते तुम्ही नीट पाहत नाही म्हणून असं झालं. सही करू का? ह्यातून आम्हाला काय मिळणार? आणि एक, कोणाला सांगितलं नाही, कधी कधी वाटते आपणच कुठंतरी निघून जावं."

बाई, तू मावशी म्हटलंस म्हणून तुला तूच म्हणते. पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझ्या शेवटच्या ओळीवर थांबली. सहीचं नंतर बोलू.

"कुठंतरी निघून जावं" म्हणजे चार दिवस माहेरी जाऊन झोपावं असं वाटते का जीवच नको वाटते? हे मी सरळ विचारते, कारण असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात वाईट विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. जीव नको वाटत असेल, एकदाही वाटलं असेल, तर आजच १४४१६ लाव. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री कधीही लागते आणि मराठीत बोलता येते. घरात बोलता येत नसेल तर वावरात गेल्यावर लाव. आणि मिस्टरांना एक काम आजच सांग, फवारणीचं औषध घरात, गोठ्यात, सांदवाडीत जिथं असेल तिथून उचलून कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. मामाजींसाठी म्हणून सांगितलं तरी चालते, ते खोटं नाही, विसराळू माणूस बाटली पाण्याची समजून तोंडाला लावतो. आपल्या भागात ह्या बाटलीनं किती घरं बुडवली ते तुला मी काय सांगू.

आता नणंदेचं. तू नीट पाहत नाहीस म्हणून हे झालं नाही. मामाजींना जे होऊन राहिलं ते बहुतेक डिमेन्शिया आहे, मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात, तो मेंदूचा आजार आहे, आणि तुझं घर एकटं नाही. आपल्या देशात साठीच्या वरच्या लोकांची घरोघरी जाऊन जी मोठी पाहणी झाली तिचे आकडे २०२३ मध्ये आले, शंभरातल्या ७.४ लोकांना डिमेन्शिया, म्हणजे सगळे मिळून जवळपास ८८ लाख माणसं. आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. नणंदबाईंना हे वाचून दाखव, आणि जमलं तर म्हणा की एक महिना मामाजींना नागपूरला ठेवा किंवा तुम्ही इथं येऊन राहा. भांडण म्हणून म्हणत नाही मी, एक महिना झोप मिळाली तर तू वेगळी बाई होशील.

मी "बहुतेक" म्हटलं ते मुद्दाम. तू पत्रात कुठंच लिहिलं नाहीस की डॉक्टरनं तपासून नाव सांगितलं. तर पहिले ते कर. सगळा विसराळूपणा डिमेन्शिया नसतो, बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडला, डोक्यावर पडून आत रक्त साचलं, मनातून फार खचले, नाहीतर एखादी गोळीच बाधून राहिली, तरी माणूस असाच वागतो आणि ह्यातलं बरंच काही उपचारानं सुधरते. कानाचं आणि मोतीबिंदूचंही पाहून घे, ज्याला ऐकू येत नाही दिसत नाही तो जास्त गोंधळतो. वर्धेच्या सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, आर्वीवरून दोन्ही एका दिवसात होते. कोणत्या वारी कोण डॉक्टर बसतात ते आशाताईला फोन करून विचारायला लाव, म्हाताऱ्या माणसाला घेऊन एसटीनं उगाच चक्कर नको. आणि कधी दोन दिवसांत एकदम बिघडले, ओळखेनासे झाले, बडबडायला लागले, तर "आजार वाढला" म्हणून घरी बसू नको, लघवीचं इन्फेक्शन नाहीतर अंगातलं पाणी कमी झालं असते पुष्कळदा, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४५ डिग्रीत बसलेला म्हातारा तहान लागली हेच विसरतो. त्याच दिवशी दवाखाना.

मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणून द्यायची नाही. रात्री शांत करायला म्हणून ज्या गोळ्या देतात त्यातल्या काही डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांना जिवावर बेततात, २००५ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावर इशारा दिला होता. कधी कधी डॉक्टर विचार करून थोड्या दिवसांसाठी देतात, ते वेगळं.

आता सही.

मिस्टरांची भीती वेडेपणाची नाही. मी वीस-बावीस वर्षं मानसिक आरोग्याच्या ओपीडीत समाजसेविका म्हणून काढली, टीमसोबत गावोगाव हिंडली, आणि प्रश्नपत्रिका घेऊन ओसरीवर बसणाऱ्यांमध्ये मीही होती. तरी माझ्याच आईला घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेली तेव्हा मले समजलं की ह्या बाजूला बसल्यावर कसं वाटते. आई शाळेची पायरी चढली नव्हती. तिला शंभरातून सात कमी करत जा म्हटलं, कागदावर वाक्य लिही म्हटलं, आणि फॉर्मवर शून्य-शून्य पडत गेले. माझी आई कापूस वेचणीच्या बायांचा आठवडाभराचा हिशोब तोंडी ठेवायची बाप्पा! बाहेर आल्यावर ती एवढंच बोलली, "मले अडाणी ठरवाले आणलं होतं का?" ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही अजून.

मामाजी रडले ते काहून रडले हे म्हणून मी समजू शकते. आणि हे टाळता येते. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये १९९० च्या दशकात डिमेन्शियाचं संशोधन झालं तेव्हा हीच अडचण आली होती, माणसं लिहिणारी-वाचणारी नव्हती, तर त्या लोकांनी इंग्रजी चाचणी बाजूला ठेवून नवीन बनवली. लिहायला लावायच्या ऐवजी घराबद्दल काही सांगा म्हटलं, अक्षरं उलटी सांगायच्या ऐवजी वार उलटे सांगायला लावले. म्हणजे माणूस बदलला नाही, प्रश्न बदलला. तुमच्याकडे आलेल्या टीमला तू हे विचारू शकतेस, न शिकलेल्या माणसासाठी तुमच्याजवळ वेगळी चाचणी आहे का. विचारायला लाजू नको.

माझं म्हणणं असं आहे, संशोधन करू द्यायचं का नाही ह्याच्या आधी पाहायचं की प्रश्न कोणाचा आहे. डॉक्टरचा प्रश्न असतो की चाचणीतले मार्क किती कमी झाले, औषधानं किती वाढले. तुझा प्रश्न आहे की रात्री झोपतील कसे, संध्याकाळी घराबाहेर निघणार नाहीत कसे, आंघोळीला तयार होतील कसे. आणि मामाजींचा प्रश्न आहे की बैल कुठी गेले. हे तिन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि इतकी वर्षं अभ्यास जास्त करून पहिल्यावरच झाला. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स म्हणून एक पद्धत आहे, पेशंट, घरचे आणि डॉक्टर एकत्र बसवून विचारतात की पुढचा अभ्यास कशावर व्हावा. डिमेन्शियासाठी तसं विचारलं तर पहिल्या दहात काय आलं माहीत आहे का, ह्या माणसांनी नीट खावं-प्यावं ह्यासाठी काय करायचं! तिथल्या बाईलाही तीच काळजी, ताट समोर ठेवलं तरी जेवत नाहीत.

आणि हे काही फक्त साहेबांच्या देशातलं नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ पासून काम करून राहिले. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन एवढंच मोजायचे. राणीताईंनी दोन गावातल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये ते लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, ९२ टक्के बायकांना बायकांचं काही ना काही दुखणं आणि तपासलेल्या बायकांपैकी फक्त ८ टक्क्यांची त्यासाठी आधी कधी तपासणी झालेली. साऱ्या जगाला ते नवीन होतं, बायकांना नव्हतं. तिथलं हॉस्पिटलही लोकांना विचारून बांधलं, मोठ्या इमारतीची भीती वाटते म्हटलं तर झोपड्यांसारखं बांधलं आणि दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. तर आपल्या विदर्भाला हे नवीन नाही, लोकांना विचारून काम करणं आपल्याकडे झालेलं आहे, तुमच्या टीमकडूनही तेवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे.

मग ते आले की काय करायचं. चहा ठेव आणि कागद वाचून मागायचा, मराठीत, सावकाश, मिस्टर घरी असताना. मेडिकल रिसर्चच्या परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे २०१७ चे नियम आहेत, त्यानुसार माहितीचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत पाहिजे आणि त्याची एक प्रत तुमच्याजवळ राहायला पाहिजे, त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीचा, फोन नंबर पाहिजे. मधातच नको वाटलं तर कारण न सांगता बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्या दवाखान्यातला तुमचा इलाज बंद करता येत नाही. रक्ताचं नीट विचार, कशासाठी, किती, रिपोर्ट आम्हाला देणार का, आणि उरलेलं रक्त पुढच्या अभ्यासासाठी ठेवणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्या म्हणावं. एका गोष्टीला हो आणि दुसरीला नाही म्हणता येते. प्रश्नांना हो, रक्ताला नाही, असंही चालते का विचार, बऱ्याच अभ्यासांत चालते. नवीन गोळी देऊन पाहणार असतील तर मात्र लगेच सही नको, आधी आपल्या डॉक्टरला कागद दाखव, कारण ते प्रश्न विचारण्यापेक्षा एकदम निराळं काम आहे. आणि एक प्रश्न मी हमखास विचारायला लावते, निकाल सांगायला परत याल का? जे लोक नजर चुकवतात त्यांचं मला समजून जाते.

तुला काय मिळणार म्हणशील तर खोटी आशा दाखवणार नाही. मामाजींचा आजार त्या टीमच्या अभ्यासानं बरा होणार नाही. डिमेन्शियाला मुळातून बरं करणारं औषध आज नाही. पण वर जो ८८ लाखांचा आकडा सांगितला तो कुठून आला, तुझ्यासारख्या घरांनी तास-तास बसून उत्तरं दिली, रक्त दिलं, तेव्हा आला, आणि त्यात फक्त म्हाताऱ्या माणसाला नाही, घरच्यालाही वेगळं बसवून विचारलं होतं. १९९८ मध्ये कोचीनला जगभरचे डॉक्टर जमले आणि एक गट बनवला, त्याचं नावच १०/६६ ठेवलं. कारण काय तर डिमेन्शियाचे ६६ टक्के पेशंट गरीब आणि मध्यम देशांत आणि तिथं होणारा अभ्यास १० टक्केही नाही. म्हणजे तुझ्या ओसरीवर काय होते हे लिहून ठेवणारंच कोणी नव्हतं. आता कोणी दारात आलं तर माझं मन म्हणते दार बंद नको करू, पण आपल्या अटीवर उघड.

त्यातली एक अट तुझ्या स्वतःसाठी ठेव. त्यांना विचार, ह्या अभ्यासात माझी झोप, माझं मन तुम्ही मोजणार का? हसण्यासारखं नाही हे. लंडनमध्ये स्टार्ट नावाचा कार्यक्रम झाला, डिमेन्शियाच्या माणसाला सांभाळणाऱ्या घरच्यांसोबत आठ बैठका, राग आला तर काय करायचं, पुढचं कसं ठरवायचं, मदत कशी मागायची असं सगळं. मोठे डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकलेली पोरं-पोरी ट्रेनिंग घेऊन त्या बैठका घ्यायची. २०१३ मध्ये त्याचा निकाल आला, सांभाळणाऱ्यांची उदासी कमी झाली, आणि सहा वर्षांनी पाहिलं तरी फरक टिकला होता. आणि इतकं लांब कशाला, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं दुःख डोळ्यासमोर ठेवून, गावातच काम करणारी माणसं तयार करून. डिप्रेशन असलेल्या शंभरातले आधी ४.३ लोकच मदत मागायला जायचे, नंतर ते २७.२ झाले. त्यात मोठं काम घरी येऊन विचारणाऱ्या ओळखीच्या माणसाचं होतं. तुमच्या टीमला म्हण की आमच्या गावातल्या दोन बायांना असं शिकवून जा, आशाताई आहेच. ते लगेच करतील का माहीत नाही, पण मागितल्याशिवाय त्यांच्या वहीत येणार कसं.

आता वहीचंच सांगते. शाळेची पाठकोरी वही घे आणि रोज रात्री चार ओळी लिही, मामाजी किती वेळा उठले, कधी चिडले, त्याच्या आधी काय झालं होतं, काय केल्यावर शांत झाले. डॉक्टरला आणि टीमला दोघांनाही हे फॉर्मपेक्षा जास्त कामाचं. टॉम किटवुड म्हणून इंग्लंडात ब्रॅडफर्डला एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं हेच मांडण्यात घालवली की आजाराच्या पलीकडे माणूस शिल्लक असतो, त्याचं वागणं म्हणजे बिघाड समजून सोडून देऊ नका, तो काहीतरी सांगून राहिला आहे.

मामाजींचं दावं घे ना. पन्नास वर्षं माणसानं दिवस मावळताना बैल आणले, चारा टाकला, पाणी दाखवलं. आता अंधार पडायला लागला की त्यांच्या आत ती वेळ होते, काहीतरी राहिलं, कोणीतरी उपाशी आहे असं वाटते. त्यांना "बैल विकले, नऊ वर्षं झाली, किती वेळा सांगू" म्हटलं तर ते दर वेळेस नवीनच दुःख आहे त्यांना. त्यापेक्षा म्हण, "मामाजी, बैल बांधले, ढेप टाकली, तुम्ही पाणी दाखवता का?" आणि गोठ्यापर्यंत सोबत जा, बादली हातात दे, एक चक्कर मारून परत आणा. बैलांची नावं विचार, पोळ्याला कसे सजवायचे ते विचार. शेजारच्याची गाय-म्हैस असेल तर तिलाच चारा टाकू दे. खोटं बोलल्यासारखं वाटेल, पण त्यांच्या काळजीला तू उत्तर देऊन राहिली. दिवस मावळायच्या आधीच लाइट लाव, लाइन जाते तर चार्जिंगचा दिवा ठेव, अंधारात भीती वाढते. भजनात बसत असतील पहिले तर खंजिरी हातात दे, नाव विसरलेला माणूस भजन अख्खं म्हणतो, हे मी किती घरी पाहिलं.

पैशाचं, एक जुना डबा त्यांच्याजवळच ठेव, दहा-वीसच्या नोटा टाकून. चोरी झाली म्हटलं की "चला, शोधू" म्हणायचं आणि डबा सापडू द्यायचा. "मी नाही घेतले" म्हणत बसली की तू त्यांच्या मनात पक्की चोर होशील. शेजारच्या बायांना मात्र एकदा बसवून सांग की हा आजार बोलतो. बंडीच्या खिशाला आतून मिस्टरांचा नंबर शिवून ठेव, बस स्टँडवरच्या टपरीवाल्याला, किराणावाल्याला सांगून ठेव, आणि विहिरीवर झाकण नाहीतर जाळी ह्याच आठवड्यात. बाहेरचं म्हणून कोणी कुठं नेऊन आलं असेल तर त्याचा राग धरू नको, पण अंगारा लावून दवाखाना चुकवायचा नाही आणि मारझोड, बांधून ठेवणं कोणालाच करू द्यायचं नाही.

एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठंच दिसली नाही. मिस्टर नाही म्हणतात, नणंद बोलते, टीम सही मागते, तू मला विचारतेस. मामाजींना कोणी विचारलं का? त्यांना सगळं समजणार नाही, कायद्यानं सही घरच्याची लागेल कदाचित, पण "तुमच्या आठवणीबद्दल काही लोक विचारायला येतील, हातातून थोडं रक्त घेतील, चालते का" एवढं त्यांना समजू शकते. हात मागे घेतला, तोंड फिरवलं तरी त्याचा अर्थ "नाही" असाच धरायचा, मग सही झालेली असली तरी त्या दिवशी नाही. सकाळी विचार, चहा झाल्यावर, ओसरीवर ऊन आलेलं असताना, तेव्हा ते बरे असतात असं तू लिहिलंस तर नाही पण बहुतेकांचं तसंच असते. संध्याकाळी नको, तेव्हा त्यांना बैलं पाहायची असतात.